ब्रिटनीतला उभा दगड आणि टेमघरच्या बकुळाबाई

टेमघरच्या बकुळाबाई इस्पितळात आया म्हणून राबल्या, निवृत्त झाल्या आणि मग पूर्णवेळ लोकांची अक्कल काढू लागल्या. घर बौद्धांचं, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. गल्लीत कुणी नवस बोललं की त्या विचारायच्या, "मग डॉक्टर काय भजी तळायला बसवलेत?" लेक संघरत्नाला मूल होईना, तेव्हा अंगारे घेऊन आलेल्या बायकांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं.

पुढे नवऱ्याच्या, मिथुनच्या, नोकरीपायी संघरत्ना फ्रान्सला गेली. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं एवढंसं गाव. यंदा बकुळाबाई तिथे राहून आल्या. गार वाऱ्यात वाळूवर उघडी लोळणारी माणसं त्यांनी बघितली, आणि माळावर माणसाच्या दुप्पट उंचीचे उभे दगड बघितले. हजारो वर्षांपूर्वीचे, कशासाठी रोवले, तिथल्यांनाही धड ठाऊक नाही.

"तेव्हाही बिनकामाची माणसं बरीच असणार," बकुळाबाई म्हणाल्या.

घरमालकिणीने सांगितलं, मूल हवं असलेल्या बायका पूर्वी या दगडांना पोट घासायच्या. संघरत्नाने ते आईला हसत हसत मराठीत सांगितलं.

पुढे एका सकाळी बकुळाबाई फिरायला निघाल्या, तर माळावर संघरत्नाच. निळं जाकीट, डोक्यावर टोपी, दगडाला पोट लावून, डोळे मिटून. मिथुन खाली पुळणीवरून उगवतीचे फोटो काढत होता.

बकुळाबाई जवळ गेल्या. लेक दचकली.

"पोट गारठेल," त्या म्हणाल्या. "मधे शाल तरी घे."

"आई, सगळं करून बघितलं गं. टेमघरात नको सांगू. बाया हसतील मला."

"मी कशाला सांगते?"

सांगितलं जावयाने. त्याने भाबडेपणाने फोटो स्टेटसला ठेवला: सूर्य, दगड आणि दगडाला चिकटलेली निळी पाठ.

बकुळाबाई टेमघरला परतल्या, तशी शेजारची गुणाबाई फोन पुढे करतच आत आली.

"बकुळाबाय, ही कोन गं? संघरत्ना न्हाय ना?"

आयुष्यभर दगडाला दगड म्हणणाऱ्या बकुळाबाईंनी चष्मा लावला.

"मीच ती."

"तू? दगडाला?"

"कंबर धरली होती. तिथली बाई म्हणाली टेक, टेकले."

गुणाबाईने फोटो बोटांनी मोठा केला. "एवढी उंच कवा झालीस?"

"तिकडचं दूध चांगलं असतं."

गुणाबाईने फोन पदरात गुंडाळून हळूच विचारलं, "आला का काही गुन?"

"वेळ लागतो म्हणतात," बकुळाबाई म्हणाल्या.