नीलाचा खड्डा

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात कधीकधी माती निघते. नीला, माझी बायको, फरीदाबादच्या एका खाजगी कॉलेजात सिव्हिल इंजिनीअरिंग शिकवते. रस्त्यात कुठे खोदकाम दिसलं की ही गाडी थांबवणार, मूठभर ओली माती उचलणार आणि तळहातावर तिची शेवई वळत बसणार. शेवई किती बारीक झाल्यावर तुटते त्यावरून म्हणे मातीचा स्वभाव कळतो. माझा स्वभाव कळायला तिला निम्मा संसार लागला, ते सोडा.

तिचा हट्ट एकच होता. निवृत्त व्हायच्या आत कॉलेजच्या बी.टेक.मध्ये जिओटेक्निकलचं, म्हणजे माती आणि पाया यांचं, वेगळं स्पेशलायझेशन सुरू करायचं. सध्या त्या विषयाचे जेमतेम दोन पेपर. पोरं पाठ करतात आणि मातीला हात न लावता इंजिनीअर होतात. चेअरमनसाहेबांचं म्हणणं, सगळ्यांना कॉम्प्युटर हवा, मिट्टी शिकायला कोण येणार? तरी ही दरवर्षी प्रस्ताव घेऊन हजर. शेवटी तिच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांनी मान डोलावली. सही तेवढी राहिली.

नेमकं तेव्हाच ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॉलेजमागच्या प्लॉटवर घेऊन गेली. तिथे कॉम्प्युटरची नवी इमारत व्हायची होती, भूमिपूजनही उरकलं होतं. निधी नावाच्या मुलीने हाताने फिरवायचं लांब गिरमिट जमिनीत उतरवलं. वर आलं काय, तर विटांचे तुकडे आणि दुधाची फाटकी पिशवी! जुन्या वीटभट्टीचा खड्डा मलबा टाकून बुजवलेला. तपासणीवाल्या एजन्सीने एका कोपऱ्यात भोक पाडून सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं होतं.

संध्याकाळी तिने हे सांगितलं आणि माझा चहा कपातच राहिला. म्हटलं, आधी सही घे, मग काय ते बोल. आत्ता तोंड उघडलंस तर इमारत अडकेल आणि तुझा कोर्स कायमचा गेला. सरकारी ऑफिसात जन्म काढलाय मी, सह्या कशा होतात ते मला कळतं.

"अहो, पाया नाही हे लपवून मी पाया शिकवायचा कोर्स सुरू करू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने ती पिशवी चेअरमनसाहेबांच्या टेबलावर ठेवली. ते भयंकर चिडले. सहीचं नाव निघेना, फोन उचलणं बंद. मलाही नीलाचा असा राग आला की मी तिच्याशी धड बोलत नव्हतो. आजही म्हणतो, चार दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं? ती मात्र रोज डबा घेऊन निघायची, मुलांकडून नवी नवी भोकं पाडून घ्यायची आणि खड्ड्याची हद्द चुन्याने आखायची. पुढे चेअरमनसाहेबांनी बोलावलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासलं, तर खड्डा बरोबर तिच्या रेषेइतकाच निघाला.

मग चेअरमनसाहेब स्वतः प्लॉटवर आले. "मॅडम, इस गड्ढे का अब मैं क्या करूँ?"

"हमारे कोर्स को दे दीजिए."

इमारत पलीकडे सरकवा, खराब जमीन ओळखायला शिकवायची तर मुलांना याहून चांगली जागा मिळायची नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. ते चुन्याच्या रेषेवरून एक चक्कर मारून आले. सही तिथेच, गाडीच्या बॉनेटवर झाली.

नीला जूनमध्ये निवृत्त झाली आणि कोर्स सुरू झाला जुलैत. इतकी वर्षं भांडून उभा केला, आणि शिकवणार दुसरंच कोणी. मला फार वाईट वाटलं. पहिल्या दिवशी सकाळी बघतो तर ही टोपी घालून दारात उभी. म्हटलं, आता कुठे? ना पगार, ना हजेरी.

"निधीने सगळ्यांत आधी नाव दिलंय. पहिलं भोक मॅडमनीच पाडायचं म्हणते."

मी गाडीची किल्ली घेतली, आणि येताना मातीला लागतील म्हणून ओट्याखालच्या चार पिशव्याही घेतल्या.