आईची उचल

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हिशेबातलं जे मला सगळ्यात आधी कळलं, त्याचाच मला माज चढला. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, असं सरांनी सांगितलं. मालकाने दुकानातले तांदूळ घरी नेले, तर ती त्याची उचल. तेवढं त्याच्या भांडवलातून कमी करायचं. वर्गातल्या पोरी नावे-जमेत गटांगळ्या खात होत्या आणि मी लाखनीला परतताना एसटीत बसून आमच्या किराणा दुकानाची झाडाझडती घेत होते.

दुकान हायवेला लागून, घर त्याच्या मागे. मधल्या दारातून आईची दिवसभर ये-जा. फोडणी घालता घालता येऊन जिरं न्यायची, शेजारणीच्या पोरीच्या हातावर गूळ ठेवायची. बाबा माल आणायला गेले की गल्ल्यावर तीच.

त्याच संध्याकाळी मी तिला शिकवायला बसले. काय नेलं ते सांगत जा, म्हटलं. आपलंच तर आहे, म्हणत ती हसली. तिथेच थांबायला हवं होतं. पण अंगात सर संचारले होते. परवाना बाबांच्या नावावर, म्हणजे मालक बाबा. तू नेतेस तीसुद्धा त्यांचीच उचल, असं मी तिला समजावलं.

"मंग मी कोन?" तिने विचारलं.

ते आम्हाला शिकवलं नव्हतं. मी विषय हसण्यावारी नेला. पुढे ती नेलेलं सांगू लागली, मग नेणंच कमी झालं. आईला हिशेब कळला म्हणून मी खूश होते.

भाऊबीजेला मामा आले. ओवाळून झालं, आई चहा ठेवायला गेली. बाबा बाहेर गेले होते, म्हणून गल्ल्यावर मी. आई मधल्या दाराने आली नाही. बाहेरून वळसा घालून गिऱ्हाइकांच्यात येऊन उभी राहिली. मामांनी ताटात टाकलेली नोट तिच्या हातात होती, कुंकू लागलेली.

"पावभर साखर दे," ती म्हणाली. "हे काही तुया बाबाचे पैसे नाही."

आवाजात राग नव्हता. तिला हाताला धरून आत घ्यायला हवं होतं, पण मला लोकांची लाज वाटली. त्या लाजेची शरम अजून जात नाही. मी साखर तोलली आणि उरलेले पैसे तिच्या हातावर ठेवले.

तिने ते मोजून घेतले आणि बाहेरूनच घरी गेली.