एका फलटणीचं पितळ

वाद्य निवडायला बसले की सुखदेव मास्तर त्याच्याकडे पाठ करत. दुसऱ्या कुणाला तरी ते फुंकायला लावत आणि आपण भिंतीकडे तोंड करून डोळे मिटत. कोणी हसलं तर म्हणत, "पितळ चमकते गा. डोयाले लवकर भुलवते." एकटं वाद्य तर ते कधीच पसंत करत नसत. एका वेळी दोन वाजवायला लावत. "एकटं तं कोनतंबी गोड वाजते. दोघाले संगं बसव, मंग सांगतो."

मास्तर तरुणपणी लष्करात, एका फलटणीच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे तीन कळांचं आखूड पितळी वाद्य, वाजवत. पुढे अमरावतीत त्यांनी वस्तीतली पोरं जमवून लग्नाचा बँड काढला. वरातीपुढे तासन्‌तास वाजवायचं आणि जेवायला मांडवाच्या बाहेर, उकिरड्याच्या बाजूला बसायचं, असं पुष्कळ वर्षं चाललं. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी वराती बंद केल्या. वस्तीतले काही जण म्हणू लागले, की वाजवणंच सोडा, ते आपल्या माथी मारलेलं काम. मास्तर म्हणाले, "हात जोडून वाजवनं सोडलं. वाजवनं काहून सोडू?"

मी मोर्शीकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. माझी परीक्षा जवळ आली की मास्तर आपला सराव उचलून नाल्यापलीकडे नेत. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी ते कॉर्नेट घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि मान वर करून वाजवत राहिले. मग ओठ पुसत म्हणाले, "लोकाइच्या दारात लय वाजवलं. आज पयल्यांदा मनानं वाजवलं."

त्यांनी स्वतःची एक चाल बांधली होती. जयंतीच्या मिरवणुकीसाठी, संथ, चार वाद्यांची. स्वरलिपी त्यांना अर्धीमुर्धीच येत होती; म्हणून शाळेच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी खुणा केलेल्या. कॉर्नेट तांबडं, ट्रॉम्बोन निळं, पोटाशी धरायचं जाड आवाजाचं युफोनियम हिरवं आणि सर्वांत खालचा बास काळा. एकेक ओळ ते मला गाऊन दाखवत. चारही एकदम कशा लागतील, हे त्यांनाही कानांनी कधी ऐकायला मिळालेलं नव्हतं. लग्नाच्या बँडची वाद्यं चार ठिकाणांहून गोळा केलेली. त्यांचा मेळ बसत नसे.

मी अकोल्याला शाळेत शिक्षक झालो, त्या सुमारास वस्तीनं वर्गणी काढून स्वतःचा बँड घ्यायचं ठरवलं. दुकान अकोल्यातलंच होतं. मास्तर आणि पंचमंडळातले शेषराव गाडीनं आले. स्टेशनवरून चालताना मास्तरांनी जिभेनं वरचे पुढचे दोन दात हलवून दाखवले. "हालून राहिले. दात गेले का कॉर्नेट गेलं. ओठाले टेकू राहत नाही. एखादं साल निभंल. तेवढ्यात माही चाल एकडाव चारीइच्या संगं वाजवाची हाय. मंग पडले तं पडले."

दुकानात पुढे नवी वाद्यं टांगलेली होती. मास्तर सरळ मागच्या खोलीत गेले. तिथं मोडलेल्या फलटणीच्या बँडचा जुना संच धूळ खात पडला होता. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, दुकानातल्या दोघांना जोडीजोडीनं वाद्यं फुंकायला लावली आणि खूप वेळ ऐकत राहिले. वळले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "हेच घ्या."

दुकानदार चकित झाला. "मास्टर, ये तो कबाड है."

"एकाच फलटनीचं हाय. वर्सोनवर्सं संगं वाजलं. याइचा सूर एक हाय."

मी ते पोचे आणि काळे डाग पाहिले, आणि लहानपणी आमच्या घरात येणारं सगळं डोळ्यांपुढे आलं. लोकांचे उतरवलेले कपडे, उरलेली भाकर... बोलून गेलो, "मास्तर, लोकाइनं टाकलेलं घेनं आपन सोडलं ना? मंग हे काहून?"

"बराबर बोलले गुर्जी," शेषराव म्हणाले. "पोचे पडलेले भोंगे घेऊन मिरवाचं? सारं शहर हासंल."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तू शिकलेला हायस. तू म्हनतं तं नवंच घे."

आम्ही नवी वाद्यं घेतली. दुकानात होती ती, वेगवेगळ्या कारखान्यांची. सरावाला पहिल्याच दिवशी कॉर्नेट आणि युफोनियम एकमेकांशी भांडू लागली. मास्तरांनी नळ्या ओढून पाहिल्या. वरचा सूर जुळला की खालचा फाटायचा. महिनाभर झटले. त्या सालच्या मिरवणुकीत साधी कवायतीची धून वाजली. लोक खूश झाले, कारण पितळ उन्हात झळकत होतं. मास्तरांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. त्यामुळे ते मला जास्त लागलं.

हिवाळ्यात त्यांचे दोन्ही दात गेले.

मी सुटी काढून अमरावतीला आलो आणि विहाराच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, की वाद्यांबाबत मला काही कळत नव्हतं, ज्यांना कळत होतं त्यांचं मी ऐकलं नाही. शेषराव उठून माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "मीबी तोंड घातलंच होतं ना गुर्जी. चला, बदलून आनू." अकोल्यात जुना संच तसाच पडून होता, तो कोणालाच नको होता. नवी चकचकीत वाद्यं घेऊन दुकानदारानं तो आनंदानं दिला. मास्तरांनी कॉर्नेटच्या तांबड्या ओळी एका तरण्या वादकाला शिकवल्या, तोंडानं गाऊन. दातांच्या फटीतून हवा निसटायची तरी.

त्यानंतर मास्तर दोनच वर्षं होते. खोकल्यानं गेले. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. पण त्यांची आठवण निघाली की मी जुना संच आणल्यानंतरच्या त्या पहिल्या जयंतीच्या चौकातच जाऊन उभा राहतो.

दुपार कलली होती. बँड थांबला, वादकांनी श्वास घेतला आणि चारही ओळी पहिल्यांदा एकत्र उठल्या. चार वाद्यं आहेत हे कळेना, इतका तो एक आवाज होता. मास्तर बँडमध्ये नव्हते. लोकांच्या गर्दीत माझ्याशेजारी उभे होते, डोळे मिटून. उजव्या हाताची तीन बोटं कोटाच्या शिवणीवर कॉर्नेटच्या कळा दाबत होती.

चाल संपल्यावर कोणीतरी मागून विचारलं, "काहो मास्तर, तुमी नाही वाजवत?"

मास्तरांनी तोंडावर हात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माही पाळी मागच्या साली होती, बाप्पा."