गाईच्या पोटातला बाजार

चार जुने दोस्त जमले की मला गुरांच्या दवाखान्यातले किस्से सांगायला लावतात. एक सांगावा तर त्याची शेपटी धरून दुसरा येतो! अमडापूरला मी ड्रेसर होतो. सरकारी कागदावर ‘व्रणोपचारक’, गावाच्या तोंडी ‘ढोराइचा कंपाउंडर’! डॉक्टर पुण्याकडचे. प्लास्टिकच्या पिशव्या तेव्हा बाजारात नव्या. माणसांना त्यांचं कौतुक आणि गाईंना चव!

पहिली गाय आली ती एका बड्या शेतकऱ्याची. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. डॉक्टरांनी डाव्या कुशीत चीर दिली, खांद्यापर्यंत हात घातला आणि पिशव्यांचा गोळा बाहेर ओढला. मालक फणकारला, “हे आमच्या घरचं नाई!”

“मागच्या महिन्यात तुमच्याकडे लग्न होतं ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“हाव. पन पिशव्या पावण्याइनं आनल्या होत्या!”

*

त्याच गाईचा तो गोळा मी पुरायला निघालो, तर मालकीणबाई आडव्या आल्या. “काऊन फेकता भाऊ? द्या इकडं.”

दुसऱ्या दिवशी टाके बघायला गेलो, तर अंगणातल्या तारेवर धुतलेल्या पिशव्या ओळीनं वाळत होत्या! बाई कौतुकानं म्हणाल्या, “पाहा, गाईच्या पोटात राहूनई एक फाटली नाई. कापडाची टिकली असती का?”

*

डॉक्टरांनी मग ग्रामपंचायतीत भाषण ठेवलं. दुसऱ्या एका गाईच्या पोटातला गोळा बरणीत घालून नेला. पोटतिडकीनं तासभर बोलले. लोक हळहळले, टाळ्या झाल्या. सरपंचांनी उठून त्यांच्या गळ्यात हार घातला. प्लास्टिकच्या फुलांचा!

डॉक्टरांचा चेहरा बघून सरपंच समजावू लागले, “खरे फुलं दुपारून सुकतात साहेब. ह्या हारात तीन सत्कार झाले!”

*

भाषणानं एक किराणावाला मात्र हलला. “उद्यापासून साखर कागदात,” म्हणाला. आठ दिवसांनी डॉक्टर मुद्दाम साखर घ्यायला गेले. त्यानं कागदाची सुरेख पुडी बांधली, दोरा गुंडाळला आणि पुडी पिशवीत टाकली!

“अहो, हे काय?”

“तुमचं ऐकलं ना साहेब! पन कागद फाटते, म्हनून वरून पिशवी!”

*

मी तरी कुठला शहाणा? डॉक्टरांनी एकदा विचारलं, “तुझा डबा कशात गुंडाळलाय?”

“वरण सांडते साहेब,” म्हणालो. त्यांनी बरणीतला गोळा आणून माझ्या डब्याशेजारी ठेवला.

*

आणि यमुनाबाई. म्हातारी एकटी, घरात दुसरा जीव म्हणजे तिची गाय, मोरी. आणली तेव्हा फार उशीर झाला होता. चीर दिली, गोळा निघाला, पण गाय उठली नाही. डॉक्टर रक्ताळलेले हात तसेच धरून उभे राहिले. यमुनाबाईनं गाईच्या कपाळावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “तो गोळा टोपल्यात भर. अन् चल माह्यासंगं बाजारात.”

टोपलं मी डोक्यावर घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. एकेक पिशवी सोडवायची, छापलेलं नाव मी वाचायचं आणि तिनं ती त्या दुकानाच्या गल्ल्यापुढं नेऊन ठेवायची.

“हे तुमचं राह्यलं होतं. माह्या मोरीनं सांभाळलं.”

कोणी खाली बघितलं, कोणी आत निघून गेलं. शेवटी कापडवाला शेठ राहिला. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं. यमुनाबाईनं त्याच्या सात पिशव्या गादीवर मांडल्या. शेठ गडबडून उठला, हात जोडले.

“लई वाईट झालं बाई. खरंच वाईट झालं. पन असं उघडं टोपलं घेऊन फिरू नका, वास येते.”

त्यानं गल्ल्याखालून एक कोरी पिशवी काढली, फुंकर मारून उघडली आणि तिच्यापुढं धरली.

“घ्या, ह्याच्यात भरा.”