फळ्याच्या डावीकडची जागा

सिनेमात एखादा वाईट माणूस सुधारायला लागला की मी रडते. माझ्या मुलांना याची इतकी सवय झालीय की ती आधीच रुमाल पुढे करतात. परवा तर धाकटा अंधारात म्हणाला, "आई, थांब की! त्यानं अजून चोरीसुद्धा केलेली नाही. आधी पाप तर करू दे बिचाऱ्याला!" मागच्या रांगेतली माणसं हसली. मीही हसले आणि नाक शिंकरलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं दुसरं काय करावं?

मुलांना वाटतं, आई हळवी आहे. तसं काही नाही.

मुळशीला धरणाचं काम चाललं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझे बाबा तिथल्या मिशनच्या शाळेचे मास्तर आणि आमच्या चिमुकल्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. मंडळी म्हणजे नऊ-दहा घरं. प्रार्थनेची जागा म्हणजे शाळेचीच खोली. रविवारी पाढ्यांचा फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला की झालं देऊळ. त्या फळ्याच्या डावीकडे एक जागा ठरलेली होती. ज्याच्या हातून काही घडलं त्यानं तिथं उभं राहून सगळ्यांसमोर कबुली द्यायची. मग पंचांनी त्याचा उजवा हात हातात घ्यायचा आणि मंडळीच्या वहीतून खोडलेलं नाव पुन्हा लिहायचं. मीही तिथं एकदा उभी राहिले होते, भैरोबाच्या जत्रेतली रेवडी खाल्ली म्हणून. रेवडी फार छान होती, एवढं मात्र मी कबुलीत सांगितलं नाही.

माझा दादा तिथं कधी उभा राहिला नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी तो पिऊन आला आणि त्याच्या हातून द्राक्षरसाचा पवित्र प्याला सांडला. बाबांनी स्वतःच्या हातानं त्याचं नाव खोडलं. दादा धरणावर दगड फोडायला निघून गेला. घरापासून चार मैलांवर. बाबा म्हणायचे, "त्यानं यावं. जागा तिथंच आहे." दोन वर्षं झाली, जागा तिथंच होती.

एका रविवारी कळलं की धरणाच्या कामगारांना दुपारी पत्र्याच्या गोदामात हलती चित्रं दाखवणार आहेत. दादाला असल्या गोष्टींचं वेड, तो येणार म्हणजे येणारच. त्याला गाठावं आणि हातापाया पडून घरी आणावं म्हणून मी निघाले. घरी सांगितलं, खालच्या आळीतली मावशी आजारी आहे. नेमकी तीच ठणठणीत मावशी मागाहून आमच्याकडे चिंच मागायला आली. खोटं बोलण्यात मी कायमच अशी हुशार.

गोदामाच्या खिडक्यांना गोणपाट लावलं होतं. दादा कुठं दिसेना. घोटावड्याकडून मजुरीला आलेल्या धनगर बायकांत मी बसले. पडद्यावर मुकी माणसं हातवारे करायची, मग इंग्रजी अक्षरांची पाटी यायची. मी सवयीनं पुटपुटले, तर शेजारची म्हणाली, "वाचता येतंय व्हय तुला? मंग मोठ्यानं वाच की, का एकटीच गिळतीस?"

मग मी वाचू लागले. बोर्डिंगात शिकलेलं इंग्रजी तोडकंमोडकं. जिथं अडायचं तिथं पदरचं घालत होते.

गोष्ट एका लोहाराची होती. तो राजाच्या तुरुंगासाठी बेड्या घडवायचा. त्याचा मुलगा चोरीत सापडला आणि बापानं घडवलेल्या बेड्याच त्याच्या पायात पडल्या. "घ्या! लई मजबूत केल्या व्हत्या न्हवं?" शेजारीण म्हणाली. बऱ्याच वर्षांनी मुलगा तुरुंगातून पळून बापाच्या अंगणात आला, पण दार वाजवायचं त्याला धाडस होईना.

तेवढ्यात गोदामाचं दार उघडलं आणि उन्हानं पडदा पांढराफटक झाला.

"दार लाव, म्हाताऱ्या! ऊन येतंय!"

छत्री घेऊन बाबा उभे होते. मावशीला बघून मी दादाकडेच गेले असणार हे ओळखून मला न्यायला आलेले. उभ्या जन्मात त्यांच्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं. त्यांनी निमूटपणे दार लावलं आणि गोंधळून आतच राहिले.

पडद्यावर लोहार घण घेऊन बाहेर आला. "आता मारतोय बघ," बायका म्हणाल्या. लोहार मुलाच्या पायाशी बसला आणि त्यानं बेडी तोडली. पाटी आली. मी वाचायचं विसरले. "वाच की गं!" बायका ओरडल्या. मग दारापासून बाबांचा आवाज आला, "वाच."

मी वाचलं, "या मीच घडवल्या होत्या. तोडायलाही मीच यायला हवं होतं."

दुसरं वाक्य पाटीवर होतं की मी पदरचं घातलं, ते आज मला खरंच आठवत नाही.

बाहेर आल्यावर बाबा मला रागावले नाहीत. म्हणाले, "त्याचं खोपट कुठं असेल?"

शेजारीण आमच्यामागून आली होती. मी तिला सांगितलं, माझा भाऊ इथं दगड फोडतो, मिशनच्या मास्तरांचा मुलगा. तिनं विचारलं, "कोण, त्यो किरिस्ताव व्हय?" मग ती खाली बघत म्हणाली, "त्यो गेला की, बाबा. चार दिस झालं. तापानं. घरचं कोन न्हाई म्हनायचा, मंग सांगावा तरी कुनाला धाडायचा?"

तिनं आम्हाला खाणीमागं करवंदीच्या जाळीपाशी, ताज्या मातीच्या उंचवट्याकडे नेलं. "मला जाळू नगा, पुरा म्हनला. तुमच्यात कसं करत्यात आमास्नी ठावं न्हाई. आमी आमच्या परीनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं."

एका रेवडीसाठी मला उभं करणारे माझे बाबा त्या करवंटीपुढे गुडघ्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, "शेवटी आमच्याविषयी काही म्हणाला?"

"न्हाई जी. ताप लई व्हता."

सिनेमात अशा जागी पाटी येते. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मला वाचायला काही नव्हतं.

पुढच्या रविवारी बाबा प्रार्थनेला उभे राहिले ते फळ्याच्या डावीकडे. म्हणाले, "मी त्याची वाट बघत बसलो. मी जायला हवं होतं." आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. कुणी हलेना, कारण हात धरायचा तो पंचांनी, आणि पंच तर तेच. शेवटी मी उठले. मुलीनं हात धरावा असा काही नियम नव्हता. त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता.

त्यांनी वही माझ्यापुढे केली. दादाचं नाव मी लिहिलं. अक्षर फार वाईट आलं. बाबा मास्तर होते, तरी पुन्हा काढ म्हणाले नाहीत.