खाली नाव शाहिस्ताचं

भोरच्या शफी टेलरची थोरली पोर शाहिस्ता लेख लिहिते, हे गावाला आधी खरंच वाटलं नव्हतं. कपडे शिवणाऱ्याच्या घरात कपड्यांवर लिहिणारी कुठून निपजली, म्हणून लोक हसले. मग पुण्याच्या एका फॅशनच्या मासिकात तिचं सदर सुरू झालं आणि हसणारेच अंक मागायला दुकानात येऊ लागले. वेल्ह्याच्या डोंगरातल्या बायका काय नेसतात, का नेसतात, एवढंच ती लिहायची. पण त्यांच्या ओसरीवर दिवसभर बसून लिहायची, आणि छापण्याआधी जिचं तिला वाचून दाखवायची. या नेमावर विश्वास ठेवून बायकांनी तिच्यापुढे पेट्या उघडल्या.

गेल्या वर्षी मासिक छापायचं बंद झालं. उरलं ते मोबाईलवर. संपादिका सुलक्षणा गोड बोलून म्हणाल्या, "आता रोज एक लेख हवा. बायकांच्या बोलण्याची तुझ्याकडची सगळी रेकॉर्डिंग पाठव. एआय तुझ्याच ढंगात लिहील, तू फक्त वाचून मान्य करायचं." बाकीच्या चार लिहिणाऱ्या मुली तोवर काम सुटून घरी बसल्या होत्या. शाहिस्ताला ते पटलं नाही, पण नाही म्हणायची छाती होईना. सदर गेलं तर आपण पुन्हा नुसत्या काजं-बटणं करणाऱ्या, या भीतीनं तिनं सगळं पाठवून दिलं.

पहिले लेख तिनं डोळ्यांत तेल घालून वाचले. ते हुबेहूब तिचे वाटायचे, आणि त्याचंच तिला भय वाटायचं. पुढं लग्नसराई आली, दुकानात ब्लाऊजांचा ढीग पडला, आणि एका शुक्रवारी तिनं न वाचताच 'मान्य'वर बोट टेकवलं.

रविवारी सकाळी तिची आई रहमतबी मोबाईल घेऊन धावत आली.

"अगं, मार्गासनीच्या सखूबाई गेल्या? मला बोलली न्हाईस ते!"

शाहिस्तानं लेख उघडला. दोन वर्षांपूर्वी सखूबाई तिला म्हणाल्या होत्या, "मालकांच्या आदी जायचंय मला. विंझरहून भावाचं हिरवं लुगडं आलं, की मी मोकळी." सवाष्ण बाई गेली की तिला आंघोळ घालून, माहेरचं हिरवं लुगडं नेसवून तिची पाठवणी करतात, म्हातारीला त्याची भारी हौस. यंत्रानं त्या हौसेचं तेरावं घालून टाकलं होतं. लेखात भाऊ लुगडं घेऊन आला होता, सखूबाई ते नेसून गेल्या होत्या. लिहिलंही काय सुंदर होतं मेल्यानं!

सखूबाईंच्या घरी फोन लागेना. शाहिस्तानं एसटी पकडली, नसरापूरला बदलली. वाटेत तिनं लेख काढायला कळवलं, तर सुलक्षणाबाईंचा निरोप आला: लेख जोरात चाललाय, आज काढता येणार नाही. पाठोपाठ डोंगरातल्याच दुसऱ्या एका बाईवरचा, बनाबाईंवरचा, उद्याचा लेख मान्यतेसाठी येऊन पडला. तिनं मोबाईल पिशवीत कोंबला.

सखूबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. त्यांना धडधाकट बघून शाहिस्ताला रडूच कोसळलं. ती काही सांगणार, एवढ्यात दारात टेम्पो थांबला. आतून भावकीच्या बायका गळा काढतच उतरल्या. मागून सखूबाईंचा धाकटा भाऊ गेनबा, काखेत पुडकं. बहिणीला समोर बघितलं आणि तो मटकन पायरीवर बसला.

"आक्का! मोबाईलात तर..."

बायकांचं रडणं जागच्या जागी थांबलं. गेनबा पुडकं मागं लपवायला लागला, पण सखूबाई उठल्या, त्याच्या हातातून ते घेतलं आणि सोडलं. आत हिरवंगार लुगडं होतं. भावकीतल्या एकीनं मोबाईलातला लेख आणि खालचं नाव सांगून टाकलं.

"आजी, म्या न्हाई लिवलं त्ये," शाहिस्ता म्हणाली.

"मग कुणी लिवलं? खाली नाव तुजंच हाय म्हनं."

शाहिस्तानं पिशवीतल्या मोबाईलला हात लावला आणि तसाच मागं घेतला.

"आन वाचून दावल्याबिगर तू छापत न्हाईस," सखूबाई सावकाश म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर शाहिस्ताला बरं वाटलं असतं. "म्हंजी आज वाचून दावायला आलीस."

"न्हाई ओ आजी! चुकलं माजं!"

पण म्हातारीचं लक्ष नव्हतं. ती लुगड्याच्या काठावरून हात फिरवत होती. गेनबा लुगडं परत मागत होता, त्याला तिनं हातानंच गप्प केलं. पाखडायचे तांदूळ सुपात तसेच राहिले.

"आलं बग," ती स्वतःशीच बोलली. मग आत तोंड करून सुनेला म्हणाली, "आंगुळीला पानी ठेव गं माजं."