ओटमारचे शुक्रवार

गेरलिंडेला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. नवऱ्याच्या मटणाच्या दुकानात चाळीस वर्षं उभी राहिली, पण गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "ते सॉसेज नका नेऊ, कालचं आहे." आतून ओटमार सुरी आपटायचा. अशा बाईवर सहासष्टाव्या वर्षी नवऱ्यालाच फसवायची पाळी आली, आता बोला!

दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली आणि जानेवारीत ओटमारला हार्ट अटॅक आला. वाचला, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मांस फक्त रविवारी. नाहीतर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नाही." गेरलिंडेनं ते शब्द गाठीला बांधले. ओटमारनं मात्र या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडून दिलं.

सोमवारी तिनं मसूर आणि शेवया वाढल्या.

"मसूर आले, सॉसेज कुठं उलथलं?"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना?"

"ती कालची पोर! माझा बाप तिन्ही त्रिकाळ मांस खायचा."

"आणि एकसष्टाव्या वर्षी दुकानातच आडवा झाला तुझा बाप!"

ओटमारनं ताट सरकवलं. पुढचे कितीतरी दिवस हेच. ती भाजी करायची, तो पावाला लोणी फासून खायचा. तिला रडू यायचं. रागानं यायचं, आणि भीतीनं तर त्याहून जास्त.

मग ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस लागले आणि घरोघर माउलटाशन लाटायला घेतले. तळहाताएवढे चौकोनी कानवले, रश्शात उकडलेले. म्हणे एके काळी मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवशी खिमा कणकेत दडवला, वरून देवाला दिसू नये म्हणून. गाव अजून त्यांना 'देवाला टोपी' म्हणतं. लाटता लाटता गेरलिंडेचा हात थांबला. प्रत्यक्ष देवाला टोपी घालता येते, तर हा ओटमार कोण लागून गेला?

तिनं शिजवलेले मसूर, पालक, परतलेला कांदा आणि शिळा पाव दुकानातल्या जुन्या खिम्याच्या यंत्रातून काढला. ओटमारनं सहा कानवले हाणले.

"हं! याला म्हणतात जेवण."

तो जेवेपर्यंत गेरलिंडे पाठ करून बेसिन घासत राहिली. तोंड लालबुंद झालेलं. त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी माउलटाशन, आणि दर वेळी घासून घासून बेसिन आरशासारखं लख्ख.

जूनमध्ये ओटमारच्या तपासणीचा रिपोर्ट आला. सगळं उत्तम. योगायोगानं त्याच शुक्रवारी ओटमारला सत्तर पूर्ण होत होती. गेरलिंडेला आनंद मावेना. होऊ दे एक दिवस लाड, म्हणून तिनं डुकराचा ताजा खिमा आणला आणि खरेखुरे माउलटाशन केले. रिपोर्ट पावाच्या डब्यामागे ठेवला, जेवण झाल्यावर सांगू म्हणून.

ओटमारनं एक घास घेतला. काटा खाली ठेवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"गेरलिंडे, खरं सांग. रिपोर्टात काय आलंय?"

"का रे?"

"यात मांस आहे."

ती उभी होती तिथंच थिजली. "तुला... कळतं?"

"अगं, चाळीस वर्षं खाटीक होतो मी! त्या पहिल्या दिवशी तर घास घ्यायच्या आधीच कळलं होतं. खिमा काढताना आपलं यंत्र कण्हतं. मसुरावर सुरसुर पळत होतं." त्यानं ताट दूर सारलं. "तीन महिने मला मसूर चारलेस आणि आज, शुक्रवारी, मांस? काही उपयोग नाही म्हणाली ना ती डॉक्टरीण? किती दिवस उरलेत, सांगून टाक."

गेरलिंडे आधी खो खो हसली आणि मग धाय मोकलून रडली. रडत रडतच तिनं रिपोर्ट त्याच्यापुढे आपटला. ओटमारनं चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मुडद्या, माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"वाढताना तुझं तोंड बघितलं होतं त्या दिवशी. जिला साधं सॉसेज खोटं बोलून विकता आलं नाही, ती माझ्याशी खोटं बोलतेय, म्हटल्यावर मीच घाबरलो. मुकाट गिळलं." त्यानं डोळे पुसले. "पुढं पुढं आवडायलाही लागलं, मेलं."

मग वाढदिवस असल्यानं त्यानं ताटातलं सगळं संपवलं आणि रश्शाची वाटीही पुसून घेतली.

"मंगळवारी मसूर मी काढतो यंत्रातून," तो म्हणाला. "आणि जायफळ जरा जास्त घाल. तीन महिने सांगायची सोय नव्हती."